रोपांच्या सेलमधली ‘देशी’ पाटी कोण तपासतं?

मा. संपादक,
नमस्कार.

झाडांच्या सेलच्या बातम्या तुम्ही आवर्जून छापता, फोटोही मस्त असतात, त्यामुळे हे तुम्हालाच लिहावंसं वाटलं. मागच्या सेलला मी गेले तेव्हा एका टेबलावर मोठी पाटी होती, ‘देशी झाडं’, आणि त्याखाली पहिल्याच रांगेत घाणेरी. अहो घाणेरी मूळची अमेरिकेतल्या उष्ण भागातली, तिकडे तिला कोणी देशी म्हणून विकलं तर ठीक आहे, पण आपल्याकडे तर ती रानात घुसून बाकीच्यांना उगवू देत नाही म्हणून लोक उपटत बसलेत. शेजारच्या कुंडीत तर चक्क ‘देशी कॅक्टस’! कॅक्टसचं सगळं कुळ अमेरिका खंडातलं, ऱ्हिप्सॅलिस बॅसिफेरा नावाची एकच काय ती जात आफ्रिका आणि श्रीलंकेपर्यंत आपणहून पोचलेली. नीट बघितलं तर ते कॅक्टस नव्हतंच, युफोर्बिया होतं. आपण काटा दिसला की सगळ्यालाच निवडुंग म्हणतो त्यातला प्रकार, पण फरक महत्त्वाचा आहे कारण युफोर्बियाचा चीक डोळ्यात गेला तर चांगलाच त्रास होतो आणि घरात लहान मूल असेल तर ते माहीत असायला नको का?

माझं म्हणणं एवढंच आहे की सेल भरवणाऱ्यांनी प्रत्येक कुंडीवर चिठ्ठी सक्तीची करावी. शास्त्रीय नाव, मूळ कुठलं, आणि रोप बियांपासून केलंय, फांदीपासून केलंय की रानातून उपटून आणलंय. एका ओळीत मावतं हो.

‘देशी’ म्हणजे देशातलं, एवढ्यावरही भागत नाही. वाळवंटातलं झाड त्याच देशातल्या भरपूर पावसाच्या डोंगरात लावलं तर तिथे ते परकंच की. आणि हा नुसता हौशी वाद नाहीये, फुलपाखरांच्या कितीतरी अळ्या ठरावीक झाडांचीच पानं खातात, मोनार्कच्या अळीला मिल्कवीडच लागतं, त्याच कुळातल्या रुईवर आपल्याकडे प्लेन टायगरच्या अळ्या दिसतात, भलतंच झाड लावलं तर मोठं फुलपाखरू मध प्यायला येईल पण अंडी घालायला दुसरीकडे जाईल. त्यात अजून एक विचारायचं राहून जातं, ते म्हणजे औषध कुठलं मारलंय. निओनिक वर्गातली कीटकनाशकं झाडाच्या आत भिनतात, पानात मधात सगळीकडे उतरतात, म्हणजे आपण फुलपाखरासाठी घेतलेल्या रोपानेच अळी मरायची. एकदम स्वच्छ, एकही पान कुरतडलेलं नाही असं रोप दिसलं की मी आता आधी हेच विचारते.

सक्युलेंटच्या, म्हणजे पानात-खोडात पाणी साठवणाऱ्या झाडांच्या, टेबलाची तर वेगळीच गंमत. रंग फासलेली रोपं, वर गोंदाने चिकटवलेली वाळकी फुलं, लोक फूल आलंय म्हणून घेतात! रंगाखाली पानाला उजेड मिळत नाही मग रोप हळूहळू खंगतं. लांब मान काढून उभं असलेलं एचेवेरिया म्हणजे ‘उंच वाढलंय’ नाही, उन्हासाठी ताणलंय. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर मिलीबग नावाची कीड, घरी आणलं की शेजारच्या कुंड्याही गेल्या.

माझाही एक गुन्हा कबूल करते. लिथॉप्स घेतला होता, तो दगडासारखा दिसणारा, दक्षिण आफ्रिकेकडचा. जुनी पानं सुरकुतायला लागली म्हणून मी बिचाऱ्याला पाणी घातलं, दोनदा घातलं, आणि आठवड्यात त्याचा लगदा झाला. नंतर कळलं की नवीन पानं जुन्या पानातलंच पाणी ओढून वाढतात, त्या काळात त्याला हात लावायचा नसतो. विकणाऱ्याने सांगितलं होतं फक्त ‘पाणी कमी घाला’. कमी म्हणजे किती, कधी? रोज चमचाभर घालणं हे पण लोकांना कमीच वाटतं, खरं तर एकदा भरपूर घालून माती पूर्ण सुकेपर्यंत वाट बघायची असते.

आता गंभीर मुद्दा. छोट्या सक्युलेंटची चोरी जगभर चालते, दक्षिण आफ्रिकेतून कोनोफायटम रानातून उपटून परदेशात विकले जातात, कॅलिफोर्नियात डडलियाच्या चोरीविरुद्ध वेगळा कायदाच करावा लागला, तो 2022 पासून लागू आहे. धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराबद्दलच्या, 1975 पासून लागू असलेल्या साइट्स करारात जवळपास सगळे कॅक्टस आहेत, तरी टेबलावरच्या कुंडीला कोण विचारतंय? बियांपासून वाढवलेली रोपं साधारण एकसारखी, स्वच्छ असतात, पण रानातलं जुनं झाड वेडंवाकडं, व्रण पडलेलं, मुळं तुटलेली असं असतं. असं काही दिसलं आणि विक्रेता ‘फार रेअर आहे’ म्हणाला तर मी तरी पाकीट उघडत नाही.

सगळे विक्रेते असे नसतात, हेही लिहायला पाहिजे. त्याच सेलमध्ये कोपऱ्यात एक आजोबा होते, स्वतः बी गोळा करून केलेली बोटभर रोपं, प्रत्येकावर पेन्सिलने नाव आणि पेरल्याची तारीख. मी त्यातलं मोठं मागितलं तर म्हणाले, लहानच न्या, मुळं लवकर धरतात, मोठ्याची मुळं कुंडीत गोल फिरलेली असतात. गर्दी मात्र रंगवलेल्या कॅक्टसकडे.

तुमच्या बातमीत स्टॉल किती आणि गर्दी किती एवढंच येतं. पुढच्या वेळी वार्ताहराने चार-पाच कुंड्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून बघाव्यात, असल्या तर, आणि त्यावर काय लिहिलं होतं तेही छापावं ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक