कुत्र्याचं तोंडही एकदा उघडून बघा

मा. संपादक महाशय,
स. न. वि. वि.

कुत्रा म्हटला की तोंडाला वास यायचाच, असं आमच्या वाड्यावर सगळेच म्हणतात आणि मीपण नऊ वर्षं तेच म्हणत आलो. आमचा टायगर गावठी, घरचं शीत (भात) आणि हुमण (माशाची आमटी) खाऊन वाढलेला. गेल्या चतुर्थीच्या आधी त्याच्या उजव्या डोळ्याखाली सूज आली, आम्हाला वाटलं गांधीलमाशी चावली असणार, हळद लावली, दोन दिवसांनी ती सूज फुटून पू यायला लागला तेव्हा धावत डॉक्टरकडे गेलो. त्यांनी आधी डोळ्याला हातच लावला नाही, सरळ ओठ वर केला आणि वरची मोठी दाढ दाखवली, तिच्यावर तपकिरी दगडासारखा थर आणि हिरडी लालबुंद. त्या दाढेची मुळं वर डोळ्याच्या खालपर्यंत जातात म्हणे, म्हणून दुखणं दाढेचं आणि सूज डोळ्याखाली. भूल देऊन दाढ काढावी लागली. शेपूट हलवत होता, जेवत होता, म्हणून कोणाला शंकाच आली नाही, पण नंतर आठवलं की दोनेक महिने तो एकाच बाजूने चावत होता आणि पोदेराचा (पाववाल्याचा) उंडा, म्हणजे कडक गोल पाव, दिला की तोंडातनं खाली टाकायचा. मुक्या जनावराने अजून काय सांगायचं होतं?

डॉक्टरांनी जे समजावलं ते इतरांनाही कळावं म्हणून लिहितोय. दातावर रोज एक चिकट थर बसतो, तो पुसला तर जातो, पण दोन-तीन दिवस तसाच राहिला की लाळेतल्या क्षारांनी कडक होतो आणि मग ब्रशने निघत नाही, भूल देऊनच काढावा लागतो. त्यामुळे फक्त रविवारी आंघोळ घालताना दात घासले तर फारसा उपयोग नाही, रोज पाहिजे. मोठ्या कुत्र्याला 42 दात असतात ऐकून घाबरायला होतं, पण सुरुवातीला बाहेरची, गालाकडची बाजूच घासायची, हा दगडासारखा थर तिथेच जास्त धरतो, आतली बाजू जीभ बरीचशी साफ ठेवते.

आणि पहिल्याच दिवशी ब्रश कोंबू नका हो. आम्ही आधी चार-पाच दिवस नुसता ओठ वर करून बोट हिरडीवरनं फिरवलं, मग बोटाला ओला मऊ कपडा गुंडाळून (त्याला चिकनचं पाणी लावायचो, मीठ-कांदा न घालता, कारण कांदा कुत्र्याला विषारी), आणि मग लहान मुलांचा मऊ ब्रश, थोडा तिरका धरून, दात आणि हिरडी मिळतात तिथे. आता रात्री जेवण झालं की टायगर स्वतःच व्हरांड्यात येऊन बसतो. एक-दोन मिनिटांचं काम आहे.

पेस्ट मात्र कुत्र्यांचीच घ्या. आपली पेस्ट तो थुंकणार नाही, गिळणार, त्यात फ्लोराइड असतं आणि काहींत झायलिटॉल नावाचा गोडवा असतो, त्याने कुत्र्याची साखर एकदम खाली येते आणि लिव्हरही जाऊ शकतं. मीठ-कोळसा, मिश्री हे तर नकोच, मिश्री म्हणजे तंबाखूच.

हाडांचं सांगितलं की लोक भांडायला उठतात. "हाड चावून दात साफ होतात", मीपण हेच ऐकत मोठा झालो. शिजवलेल्या हाडाच्या अणकुचीदार कपच्या होतात, त्या घशात किंवा आतड्यात लागतात, आणि फार कडक हाडाने दाढच तुटते. नखाने दाबून खूण उमटत नसेल तर ती वस्तू कुत्र्याला चावायला देऊ नये, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. बांगड्याचे काटेपण काढूनच द्या.

एक मात्र कळकळीने सांगतो, हे सगळं आपल्या लस दिलेल्या, ओळखीच्या कुत्र्यासाठी. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या तोंडात दयेपोटीसुद्धा हात घालू नका, रेबीज लाळेतनंच पसरतो. 2021 साली सरकारने गोवा रेबीज नियंत्रित म्हणून जाहीर केला, त्यामागे गावोगाव फिरून कुत्रे धरून लस टोचणाऱ्यांची कितीतरी वर्षांची मेहनत आहे, आणि त्यामुळेच आज आपल्याकडे साधा माणूसपण कुत्र्याच्या लशीची तारीख लक्षात ठेवतो. माझी विनंती एवढीच आहे की पाळलेला कुत्रा लशीला नेतो त्याच दिवशी डॉक्टरला सांगून त्याचा ओठ वर करून बघून घ्यावा, आणि पंचायतीत लसीकरणाचा कॅम्प लागतो तिथे येणाऱ्या मालकांना ब्रश कसा फिरवायचा हे डॉक्टरांनी एकदा करून दाखवावं. आम्हाला हे नऊ वर्षांत कोणी दाखवलं असतं तर टायगरची दाढ आज तोंडात असती.

आपला नियमित वाचक,
डिचोली, गोवा