दात ३०००, चावायला एकही नाही

मा. संपादक, स.न.

परवा तुमच्या पेपरात जाळ्यात सापडलेल्या व्हेल शार्कची बातमी होती, हेडिंग काय तर ‘३००० दातांचा राक्षस’. झालं, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून तेच, जुहूला पोरांना पाण्यात सोडायचं की नाही इथपर्यंत गाडी गेली.

दात आहेत, आकडाही साधारण बरोबर आहे, ३०० च्या वर ओळी असतात. पण एकेक दात काही मिलिमीटरचा, आणि खाताना त्याचा काही उपयोगच होत नाही. हा एवढा धूड मासा जगतो प्लँक्टन (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), माशांची अंडी, जवळ्यासारखे बारीक जीव आणि छोटे मासे यांवर, आणि ते सगळं गाळून. त्याच्या घशात कल्ल्यांच्या अलीकडे २० स्पंजासारखे फिल्टर पॅड असतात, जाळी साधारण १ मिलिमीटरची, खरी बातमी ती होती! आपली चहाची गाळणी चोथ्याने तुंबते ना, याचं तसं सहसा होत नाही कारण पाणी पॅडवर सरळ आदळत नाही, पॅडला घासून तिरकं जातं, मग पाणी कल्ल्यांच्या फटींतून बाहेर आणि खाणं मागे घशाकडे सरकत जातं, त्यामुळे जाळीच्या भोकापेक्षा बारीक कणसुद्धा अडकतात. तरी काही चिकटलंच तर साहेब चक्क खोकतात आणि पॅड साफ करतात. कधी तोंड उघडं टाकून आरामात पोहतो, कधी पाण्यात उभा राहून घटाघट ओढतो. आता असं गाळून खाताना प्लास्टिकचे तुकडेपण आत जातात, आणि ते आपणच टाकलेले, त्यावर हेडिंग करा की.

दुसरं, हा मासा २००१ पासून कायद्याने संरक्षित आहे, आणि असा प्राणी सोडवायला जाळं कापावं लागलं तर आपल्या राज्यात कोळी बांधवांना भरपाई मिळते. हे बातमीत एका ओळीतही नव्हतं, कोळीवाड्यांत तुमचा पेपर जातो म्हणून म्हटलं.

आणि तो फोटो बदला प्लीज. व्हेल शार्कचं तोंड थेट पुढे टोकाला असतं, अंगभर पांढरे ठिपके असतात. तुम्ही छापलेल्याचं तोंड खाली आहे आणि ठिपका एक नाही, तो ग्रेट व्हाइट शार्क आहे.

– एक वाचक, अंधेरी