लोकलमध्ये मोबाइलचा आवाज आवरा

महोदय,

लोकलमधली गर्दी आपण मुंबईकरांनी कधीच पत्करली आहे. मोबाइलच्या स्पीकरचा त्रास मात्र निव्वळ बेफिकिरीचा आहे. एकाच्या हातात रील्स, दुसऱ्याची क्रिकेट कॉमेंट्री, आणि खिडकीपाशी कोणी स्पीकर लावून घरच्या जमिनीच्या वाटणीवर भांडतोय! रीलचा तर तोच दहा-पंधरा सेकंदांचा तुकडा, तेच खोटं हसणं, पुन्हा पुन्हा. परवा सकाळी ठाण्याहून निघालेल्या गाडीत रात्रपाळी संपवून आलेली एक परिचारिका खिडकीला डोकं टेकून बसली होती. डोळा लागला की शेजारच्या मोबाइलवर धाडकन संगीत वाजे आणि ती दचकून जागी होई. कुर्ल्यापर्यंत हेच चाललं. आवाज कमी करा म्हटलं की उत्तर ठरलेलं, ‘फर्स्ट क्लासने जा.’ तिथेही हाच प्रकार आहे.

पाठीवरची सॅक पुढे न घेणारे, दारात अडून राहणारे यांचाही राग येतो, पण तो उतरेपर्यंतचा. आवाजातून सुटकाच नाही.

बेस्टने एप्रिल २०२३ मध्ये बसमध्ये हेडफोनशिवाय ऑडिओ-व्हिडीओ लावायला मनाई केली. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४५ मध्येही उपद्रव करणाऱ्या प्रवाशाला दंडाची आणि गाडीतून उतरवण्याची तरतूद आहे. डब्यात पुढच्या स्थानकाची उद्घोषणा होतेच, तिच्याबरोबर इअरफोन वापरण्याची सूचनाही रोज द्यावी आणि तिकीट तपासनिसांनी न ऐकणाऱ्यांवर कारवाई करावी, ही विनंती.

– एक प्रवासी, मुलुंड