शपथ, जनुके आणि पाठपुरावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलेला माणूस पुन्हा पिऊ लागला, की ‘देवापुढे शपथ घेऊनही सुधारला नाही’ असे म्हणून नातेवाईक हात टेकतात. कुणी ‘रक्तातच आहे’ म्हणून विषय संपवतो. आनुवंशिकतेचा वाटा असतोच, परंतु व्यसनामुळे डीएनएच्या मिथिलीकरणात, म्हणजे डीएनएवर ‘मिथाइल गट’ नावाचे छोटे रासायनिक तुकडे बसण्याच्या क्रियेत, होणारे बदल लक्षात घेतले, तर हे दोन्ही निवाडे रुग्णावर अन्याय करणारे ठरतात.

डीएनएमधील सायटोसिन या घटकावर मिथाइल गट बसला, की पुष्कळदा ते जनुक मंदावते. जनुकाचा मूळ मजकूर मात्र बदलत नाही. हे मिथाइल गट शरीराला पुरवण्यात फोलेट आणि बी-१२ या जीवनसत्त्वांचा मोठा वाटा असतो, आणि दारू नेमकी तिथेच आड येते. तिच्यामुळे आतड्यातून फोलेट कमी शोषले जाते; शिवाय दारूपासून तयार होणारे अ‍ॅसिटाल्डिहाइड हे या पुरवठ्यासाठी लागणाऱ्या मेथिओनिन सिंथेज या विकराचे (एन्झाइमचे) काम अडवते. त्यात रात्रीचे ताट तसेच ठेवून नुसते पिऊन झोपणारा माणूस असेल, तर हा पुरवठा आणखीच आटतो. कोकेन दिलेल्या उंदरांच्या मेंदूत, सुखाची ओढ निर्माण करणाऱ्या भागात, मिथाइल गट बसवणाऱ्या विकराचे प्रमाणच बदललेले आढळले आहे.

मला सर्वांत आश्वासक वाटते ते तंबाखूचे उदाहरण. सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तपेशींत एएचआरआर या जनुकावरील मिथिलीकरण ठळकपणे घटते आणि सिगारेट सोडल्यावर ते हळूहळू, काही वर्षांत, बऱ्याच अंशी पूर्ववत होते. रक्तात दिसते तेच मेंदूतही घडते असे गृहीत धरता येत नाही, त्यामुळे फोलेटच्या गोळ्यांनी व्यसन सुटेल असा अर्थ कृपया कुणी काढू नये. पण शरीराला सावरायला वर्षे लागू शकतात, हे यातून स्पष्ट दिसते.

आपल्याकडे मात्र केंद्रातून सुटी मिळाली की उपचार संपले, असेच घरोघरी समजले जाते. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’सारख्या संस्थांनी पाठपुराव्याचे महत्त्व केव्हाच ओळखले, पण गावाकडच्या रुग्णाला त्यासाठी दर वेळी मजुरी बुडवून शहर गाठणे परवडत नाही. म्हणून प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून निदान एक दिवस व्यसनमुक्तीचा पाठपुरावा विभाग चालवावा, आणि पुन्हा घसरलेल्या रुग्णाला तेथे जाब न विचारता तपासावे, अशी आरोग्य विभागाला माझी कळकळीची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक