कृष्णाकाठच्या बैलाला खिल्लारची पट्टी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला विलायतेतल्या शायर घोड्यांवरचा लेख मी मामांना (सासऱ्यांना) वाचून दाखवला. टनाच्या घरात वजन असलेली ती जनावरं, पिढ्यान् पिढ्या ती सांभाळणारं कुटुंब, प्रदर्शनाआधी आयाळ गुंफत बसलेली माणसं. मामा म्हणाले, "ह्यांचं बी आपल्यागतच की!" आमच्या दावणीला घोडा नाही, कृष्णा व्हॅली जातीच्या गाई आणि एक वळू आहे.

मला त्या लेखातली दुसरीच गोष्ट लागली. तिकडं शायर शायरशेजारीच उभा करतात. सफोकचा वर्ग वेगळा, क्लाइड्सडेलचा वेगळा. शायरची संस्था 1878 सालची, म्हणजे वंशावळ तेव्हापासून कागदावर. आमचा वळू मात्र प्रदर्शनात खिल्लारच्या रांगेत उभा राहतो. गेल्या खेपेला परीक्षकांनी शेरा दिला: शिंगं आखूड, गळ्याखालची पोळी लोंबती, चाल मंद. अहो, ही जातच तशी! त्या दिवशी घरी येईपर्यंत मामा कानडीतच बोलत होते. राग आला की त्यांना मराठी सुचत नाही.

ही जात सांगलीच्या पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयानं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार झाली. गीर, ओंगोल, कांकरेज आणि म्हैसूरकडच्या जनावरांचं रक्त त्यात आहे. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभेच्या काळ्या रानात पावसाळ्यात चिखल खुराला गोळ्यानं चिकटतो आणि उन्हाळ्यात ढेकूळ फुटता फुटत नाही. तिथं पळणारा बैल काय कामाचा? दमानं ओढणारा पाहिजे. किर्लोस्करवाडी 1910 ची, पण त्याआधी किर्लोस्करांचे लोखंडी नांगर बेळगावातच बनू लागले होते. आमच्या आजेसासऱ्यांकडं तसला नांगर होता. तो खोल घालायला ते ह्याच जातीचे बैल जुंपत.

ट्रॅक्टर आला आणि हे काम गेलं, त्याबद्दल तक्रार नाही. आम्हीही ट्रॅक्टरच लावतो. खिल्लारला निदान शर्यतीनं तारलं. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्र आणि कर्नाटकचे शर्यतीचे कायदे ग्राह्य धरल्यापासून पळणाऱ्या खोंडाचे सौदे लाखांत होतात. जड बैलाला असा कुणी वाली नाही. गावच्या जनावरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाची कांडी मागावी तर जर्सी किंवा एचएफ (होल्स्टीन), म्हणजे विलायती जातींचीच. म्हणून आसपासचे लोक गाई आमच्याच वळूकडं आणतात. पण त्याच्या कालवडी त्यालाच कशा दाखवायच्या? नवं रक्त पाहिजे, आणि ते बरंचसं सीमेपलीकडं, महाराष्ट्रात सांगलीच्या बाजूला आहे. तिथून वळू आणायचा तर नाक्यावर कागदांची विचारपूस इतकी की गाडीवाला आधीच नको म्हणतो.

पूर्वी ही गाठभेट चिंचलीला मायाक्काच्या माघी जत्रेत होई. दोन्हीकडची माणसं यायची, रुमालाखाली बोटं धरून व्यवहार व्हायचे. लोक आजही येतात, पण कृष्णा व्हॅलीवाल्यानं जनावर कशासाठी आणावं? हरायला?

म्हणून सीमाभागात जिथं जिथं जनावरांचं प्रदर्शन भरतं, तिथल्या आयोजकांना विनंती आहे की कृष्णा व्हॅलीचा वर्ग वेगळा काढा: वळू, गाय, कालवड आणि जोडी. परीक्षक ही जात ओळखणारा असावा. ओझं ओढायची स्पर्धा तेवढी नको. जनावराला इजा होते आणि गर्दी सगळी तिकडंच पळते. बक्षिसाची रक्कम नारळ-फेट्याएवढी असली तरी चालेल, पण भाग घेणाऱ्यांची नावं-गावं आणि जनावराच्या आई-बापाची नोंद एका वहीत राहू द्या. कोणाकडं वळू आहे हे कळलं, तर पुढचं आम्ही आपसांत बघू. पहिल्या वर्षी चारच जनावरं आली तरी वर्ग रद्द करू नका. त्यातली दोन आमच्या दावणीची असतील, प्रवेश फी भरून.

आपली,
एक वाचक, ता. रायबाग, जि. बेळगाव