मानक आले, आता निविदेतही जागा हवी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पर्यावरणपूरक इमारतींची चर्चा आपल्याकडे बहुधा सौर पॅनेल आणि गच्चीवरील बागेपाशी थांबते. जगातील कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सुमारे ७ ते ८ टक्के वाटा असलेल्या सिमेंटचा विचार तीत क्वचितच होतो. केवळ भट्टीचे इंधन बदलून हा प्रश्न सुटणार नाही. कारण क्लिंकर, म्हणजे चुनखडी भाजून मिळणारा सिमेंटचा मुख्य घटक, तयार होताना बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी निम्म्याहून अधिक खुद्द चुनखडीतूनच सुटतो. म्हणजे क्लिंकरच कमी वापरले पाहिजे.

स्वित्झर्लंड, क्युबा आणि आपल्या दिल्ली व मद्रास आयआयटीतील संशोधकांनी विकसित केलेल्या ‘एलसी३’ सिमेंटमध्ये नेमके हेच साधले आहे. त्याच्या प्रचलित मिश्रणात क्लिंकर निम्मेच असते. सुमारे ३० टक्के भाजलेली माती, १५ टक्के कच्ची चुनखडी आणि थोडे जिप्सम असते. क्लिंकरला १,४५० अंश सेल्सिअस तापमान लागते, तर ही माती ७०० ते ८५० अंशांत भाजते. उत्सर्जन साध्या पोर्टलँड सिमेंटपेक्षा ४० टक्क्यांपर्यंत घटते. माती शुभ्र चिनी मातीच असावी लागत नाही. केओलिन या चिनी मातीतील मुख्य घटकाचे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास असलेली हलक्या प्रतीची मातीही चालते. चिनी मातीचे साठे असलेल्या सिंधुदुर्गात खाणींबाहेर टाकलेल्या मातीची या दृष्टीने तपासणी व्हायला हवी.

अडचणी आहेतच. मातीतील लोहामुळे सिमेंटला तांबूस छटा येते. तिचा मजबुतीशी संबंध नाही, पण हे गवंड्याला आणि घरमालकाला पटवणे प्रयोगशाळेतील चाचणीपेक्षा अवघड ठरू शकते. काँक्रीट कालवताना ते घट्ट वाटते, म्हणून ते प्रवाही करणारे रसायन मोजून घालावे लागते. हवेतील कार्बन डायऑक्साइडला त्याचा प्रतिकार काहीसा कमी असल्याने पाणी मारण्यात हयगय चालत नाही. उलट क्षारांचा ते उत्तम प्रतिकार करते, आणि खाऱ्या हवेत सळया गंजून स्लॅबचे पोपडे पडणाऱ्या आपल्या किनारपट्टीला हाच गुण सर्वाधिक मोलाचा आहे.

भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये या सिमेंटसाठी आयएस १८१८९ हे मानक प्रसिद्ध केले. मात्र सरकारी अभियंता दरसूची आणि निविदेच्या अटी पाहूनच सिमेंट निवडतो. म्हणून सार्वजनिक बांधकाम विभागाने या दोन्हींत एलसी३चा स्पष्ट उल्लेख करावा, कोकणातील एखाद्या जेट्टीवर आणि शाळेच्या इमारतीवर ते वापरून पाहावे आणि क्षारांच्या शिरकावाच्या नोंदी दरवर्षी जाहीर कराव्यात.

आपला,
एक स्थापत्य अभियंता, रत्नागिरी