तिनं वाचलंय, तू नाहीस

चि. सोहम,
अनेक आशीर्वाद.

फोन केला असता तर "अगं आई, सोड ना" म्हणून तू विषय बदलला असतास, म्हणून लिहिते आहे. माझ्या नव्या कादंबरीला दोन स्टार देणाऱ्या बाईंना 'एका रसिक वाचकानं' जे चौदा ओळींचं उत्तर ठोकलंय, तो रसिक वाचक तू आहेस. नाही म्हणू नकोस. "मुद्दा मुळात असा आहे की" अशी सुरुवात करून पुढे मुद्दाच विसरणारा माणूस मला एकच माहीत आहे, आणि त्याला मी लहानाचं मोठं केलंय.

रागावले नाहीये. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तर बरंच वाटलं. शाळेत असताना तुझे मित्र घरी येणार असले की कपाटातली माझी पुस्तकं उलटी व्हायची, नावं भिंतीकडे आणि पानांच्या कडा बाहेर. तुला वाटायचं मला कळत नाही. मित्र गेले की मी ती गुपचूप सरळ करायची. तुला कधी बोलले नाही, कारण त्या मुखपृष्ठांची मलाही लाजच वाटायची. माझ्या पहिल्या कादंबरीची नायिका जमिनी मोजणारी, उन्हात रापलेली, केस घट्ट बांधणारी बाई होती. मुखपृष्ठावर मात्र खांद्यावरून पदर ढळलेली कुणीतरी गोरीपान मुलगी, वाऱ्यावर उडणारे केस, आणि मागे शर्टाची बटणं लावायला विसरलेला एक गृहस्थ. अख्ख्या पुस्तकात वारा सुटल्याचा उल्लेख नाही. ती पहिली प्रत मी प्रवासात वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचली. स्वतःचं पुस्तक!

मुखपृष्ठ कसं ठरतं हे तुला कधी सांगितलंच नाही. लोकांना वाटतं लेखक चित्रकाराशेजारी बसून सांगतो, डोळे असे हवेत, आकाश तसं हवं. प्रत्यक्षात माझ्याकडून एक पानभर माहिती मागवतात: नायिका किती वर्षांची, ऋतू कुठला, मूड कसा. कधीकधी एवढ्याच पानावर मुखपृष्ठ उभं राहतं, कारण वेळेच्या गणितात सबंध हस्तलिखित वाचणं प्रत्येक चित्रकाराला जमत नाही. मग विक्री बघणारी माणसं बोलतात. अक्षरं मोठी करा, कारण पुस्तक आधी फोनच्या पडद्यावर बोटाच्या नखाएवढं दिसणार आहे. रंग उजळ करा. मला दाखवतात तेव्हा "काही सूचना?" असं विचारतात, पण त्या विचारण्यातच 'आता फार काही नको' असतं. एकदा तर दुसऱ्याच एका लेखिकेच्या पुस्तकावर माझंच जोडपं दिसलं, तेच आलिंगन, फक्त साडीचा रंग बदललेला. विकत मिळणारे फोटो कुणालाही मिळतात. पण ते दोघं मला सोडून दुसरीकडे नांदताहेत, असं काहीतरी वाटून गेलं त्या दिवशी. हसू नकोस.

मुळात पुस्तकावरच्या कागदी वेष्टणाचं काम धूळ अडवण्याचं. एकोणिसाव्या शतकात ते घरी नेलं की काढून टाकत. पुढे त्यावर चित्र आलं, आणि बघता बघता ते वेष्टणच पुस्तकाच्या वतीनं बोलायला लागलं. माझ्या प्रकारच्या पुस्तकांच्या बाबतीत तर ओरडायलाच लागलं. १९७० आणि ८० च्या दशकांत अमेरिकेतल्या प्रेमकथांच्या पेपरबॅकवर जी घट्ट मिठी यायची, तिच्यासाठी आधी मॉडेलना उभं करून फोटो काढत, मग त्यावरून रंगवत. शिवाय उठावाची सोनेरी अक्षरं. त्या धंद्यातले लोक सांगतात की ही चित्रं वाचणाऱ्या बायकांना भुलवण्यासाठी नव्हतीच, पुस्तकांचे गठ्ठे उचलणाऱ्या पुरुष वितरकांच्या नजरेत भरावीत म्हणून होती. वाचणाऱ्या बायका बिचाऱ्या लपवून वाचत. मग कुणाच्या तरी डोक्यातून युक्ती निघाली: बाहेरच्या मुखपृष्ठावर नुसतं फूल, नाही तर एखादा दागिना, आणि ते उलटलं की आत पानभर मिठी. म्हणजे सोहम, पुस्तक उलटं लावण्याची तुझी कल्पना काही नवी नव्हती. घाईत चुकाही व्हायच्या. अशाच एका गाजलेल्या मुखपृष्ठावर नायिकेला चक्क तीन हात होते.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो काफ्का, ज्याचा प्रेमकथांशी काडीचा संबंध नाही. माणूस सकाळी उठतो तो किडा होऊन, ती त्याची गोष्ट १९१५ मध्ये पुस्तकरूपानं यायची होती. चित्रकार किडाच काढेल या धास्तीनं त्यानं प्रकाशकांना लिहिलं की किडा काढू नका, दुरूनसुद्धा दाखवू नका. त्याचं ऐकलं गेलं. मुखपृष्ठावर आला तो तोंड झाकून घेतलेला एक माणूस आणि मागे उघडं दार. मीही दर वेळी लिहून देते, नायिकेचा चेहरा दाखवू नका, वाचणारीला तिचा तिला दिसू दे. माझ्याकडे चेहरा दाखवायचा नाही म्हटलं की हनुवटीच्या वर कापून टाकतात. माझ्या आधीच्या सहा पुस्तकांवर मिळून चार बिनडोक्याच्या बायका आहेत.

आता त्या दोन स्टारबद्दल.

निंदकाचं घर शेजारी असावं म्हणतात, त्याला माझी हरकत नाही. पण हल्ली तो उशाशी येऊन राहिलाय. रात्री अडीचला पाणी प्यायला उठले तरी फोन हातात घेतला की तिथं कुणीतरी माझ्याबद्दल बोलत असतं. मी अभिप्राय वाचत नाही असं मुलाखतीत सांगते ते साफ खोटं आहे. सगळे वाचते. पाच स्टारवाल्यांचं दुसऱ्या दिवशी एक अक्षर आठवत नाही. 'खूप छान, आवडलं' यात आठवण्यासारखं असतं तरी काय? तीन स्टारवाले बहुतेक वेळा खरे असतात, मधला भाग रेंगाळतो म्हणाले तर तो रेंगाळतोच. एक स्टारवाल्यांपैकी एकानं पार्सल भिजून आल्याबद्दल मला शिक्षा केली होती. ते विनोद म्हणून सांगता येतं. 'फावल्या वेळात वाचायला ठीक' हे वाक्य मात्र तेरा वर्षं झाली, अजून सलतं, आणि त्या माणसानं मला चार स्टार दिले होते.

जेन ऑस्टिन तर हे सगळं स्वतःच्या हातानं उतरवून ठेवायची. 'मॅन्सफील्ड पार्क' १८१४ मध्ये आली, तेव्हा घरातले आणि ओळखीतले काय म्हणाले याची तिनं यादी केली, पुढच्या कादंबरीच्या वेळीही केली. त्या याद्या आजही वाचायला मिळतात. तिच्या आईचं मत त्यात आहे: आधीच्या पुस्तकाइतकं हे आवडलं नाही, आणि नायिका मिळमिळीत वाटली. सख्ख्या आईचं! आणि दुसऱ्या यादीत एक गृहस्थ आहेत, ज्यांनी फक्त पहिलं आणि शेवटचं प्रकरण वाचलं, कारण पुस्तक रंजक नाही असं त्यांच्या कानावर आलं होतं. तेही तिनं जसंच्या तसं लिहून ठेवलं, पुढे स्वतःची एक ओळ न जोडता. मला जमलं असतं का? मी निदान एक उद्गारचिन्ह तरी टाकलंच असतं.

या गृहस्थांची आठवण तुझ्यामुळे झाली. तुझ्या सातव्या ओळीत तू म्हणतोस, "एका कर्तबगार डॉक्टर स्त्रीचा संघर्ष ज्यांना कळत नाही, त्यांनी…" वगैरे. सोहम, ती डॉक्टर नाही. डॉक्टर तिची बहीण आहे. मलपृष्ठावरच्या मजकुरात कुणीतरी घोळ घातला, मी छपाईच्या आधी कळवलं, तोवर उशीर झाला होता. म्हणजे माझ्या बाजूनं तलवार उपसून धावून आलेल्या माझ्या मुलानं पुस्तकाची फक्त मागची बाजू वाचली आहे.

त्या बाईंनी सगळं वाचलंय. तीनशे बारा पानं. त्यांनी बहीण डॉक्टर असल्याचंही लिहिलंय आणि मलपृष्ठ चुकलं आहे हेही लिहिलंय, तू नीट बघितलं नाहीस. त्यांची तक्रार काय आहे? दोन पन्नाशीतली माणसं प्रेमात पडतात आणि शेवटी आपापल्या घरी राहायचं ठरवतात. आणि मुखपृष्ठावर पावसात एका छत्रीखाली विशीतलं जोडपं, गुलाबी अक्षरं. 'मला लग्नाची गोष्ट दाखवून दुसरंच काही वाचायला दिलं,' असं त्या म्हणतात. बरोबरच आहे. प्रेमकथा उचलणारी बाई शेवट गोड असणार हे धरूनच उचलते, तो तिच्याशी न लिहिलेला करार असतो. माझा शेवट माझ्या मते गोडच आहे. पण तो पचायला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं की ही छत्रीखालची गोष्ट नाही. ते सांगायचं काम मुखपृष्ठाचं होतं. आणि खरं सांगू, त्या छत्रीला मीच होकार दिला होता. छान दिसत होती, विकली जाईल असं सगळे म्हणत होते, आणि सातव्या पुस्तकाला तरी विक्री व्हावी असं मलाही वाटत होतं.

त्यांच्या अभिप्रायातली शेवटची ओळ तू बहुतेक रागात वाचलीच नसशील. 'तरी तो दोघांचा जिन्यातला प्रसंग दोनदा वाचला,' असं त्यांनी लिहिलंय. तो प्रसंग लिहायला मला पाच आठवडे लागले. त्याबद्दल बोलणारी ही पहिली व्यक्ती, आणि तिला तू 'वाचनाची समज नसलेली' म्हणालास.

तेव्हा ते उत्तर काढून टाक. माफी वगैरे मागत बसू नकोस, त्यानं आणखी चर्चा वाढते. मीही तिथं काही लिहिणार नाही. लेखकानं अभिप्रायाला उत्तर द्यायचं नसतं, आणि लेखकाच्या मुलानं तर मुळीच नाही.

सोबत पुस्तकाची एक प्रत पाठवते आहे. तुझ्याकडे एक आहे हे माहीत आहे, पण तिच्यावर छत्री आहे. हिला वर्तमानपत्राचं कव्हर घातलंय, ऑफिसला जाता-येता कुठंही उघडून बसलास तरी चालेल. जिना पान एकशे सत्तेचाळीसवर आहे. पण सुरुवातीपासून वाच.

तुझी,
आई

ता. क. नायिका मिळमिळीत वाटली तर तसं सांग. मी कुठंतरी लिहून ठेवीन.